पहिले पुस्तक आणि सांगायचे पुस्तक

मराठी शिकवणाऱ्याला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'तुम्हांला वाचनाची गोडी कोणत्या पुस्तकाने लावली?' नेमणुकीच्या मुलाखतीत विषयतज्ज्ञ तो विचारतात, महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी संपादक मंडळातली मुले विचारतात, आणि २०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होऊ लागल्यावर तर त्याचे उत्तर दरवर्षी व्यासपीठावरून द्यावे लागते. आम्ही दोघे एकाच विभागात गेली कित्येक वर्षे शिकवीत आहोत. आमच्यातल्या एकीने मुलाखतीत 'श्यामची आई' असे उत्तर दिले होते, दुसऱ्याने 'बनगरवाडी' असे. दोन्ही उत्तरे समितीला आवडली. दोन्ही खोटी होती.

खोटी म्हणजे अगदीच असत्य नव्हेत. दोन्ही पुस्तके आम्ही वाचली होती, त्यांच्यावर मनापासून प्रेमही केले होते. पण ती पहिली नव्हती. ती सांगायची पुस्तके होती. पहिली पुस्तके निराळीच होती आणि ती एकमेकांना सांगायलाही आम्हांला बरीच वर्षे लागली. एका दुपारी विभागात उत्तरपत्रिका तपासून कंटाळा आला असताना हा विषय सहज निघाला आणि मग दोघांनाही हसू आवरेना. ते हसू पुढे टिकले नाही. त्याचे कारण ओघात येईलच.

आधी आमच्यातल्या त्याची हकीकत. त्याच्या गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय होते. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी उभी राहिलेली ही अनुदानित वाचनालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या खोलीचे वर्णन करून सांगायला नको. ग्रामपंचायतीची एक खोली, दोन लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रासाठी एक लांब टेबल आणि संध्याकाळी दोन तास येणारा ग्रंथपाल. कपाटातली वरची पुस्तके कोरी करकरीत होती, कारण ती कोणी नेत नसे. खालच्या खणात मुखपृष्ठे गेलेल्या, दाभणाने शिवलेल्या पुस्तकांचा ढीग होता. त्या ढिगात त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. पुस्तकाचे नाव पुष्कळ दिवस कळले नाही, कारण नावाचे पान नव्हते. शेवटची काही पानेही नव्हती. शाळेच्या वाटेवर तो मित्रांना प्रत्येक वेळी निराळा शेवट सांगत असे आणि मित्र तो खरा मानीत.

भागवतांनी या मुलावर वीस पुस्तके लिहिली. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणारा, 'बालमित्र' मासिक चालवणारा हा लेखक मुलांसाठी लिहिताना स्वर खाली उतरवीत नसे, हे आज आम्ही वर्गात सांगू शकतो. तेव्हा कळली ती वेगळी गोष्ट. बनेश फेणे हा काटकुळा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, पण तो फुरसुंगीचा आहे. गावाकडून शहरात आलेला आहे. तोवर पाठ्यपुस्तकातल्या गावच्या मुलाने बहुधा गरीब, गुणी आणि आज्ञाधारक असायचे असे. हा मुलगा सायकल दामटीत होता, नको तिथे डोके खुपसत होता, आणि शहरातल्या मुलांच्या पुढे होता. पुणे म्हणजे काय हे आमच्या या मित्राने पुण्याला जाण्याच्या कितीतरी आधी त्या सायकलच्या मागे बसून पाहिले. २०१७मध्ये फास्टर फेणेवर चित्रपट आला तेव्हा वर्गातल्या मुलांना तो परिचयाचा झाला. पण दाभणाने शिवलेल्या त्या पुस्तकाचे नाव आमच्या मित्राने तेव्हाही वर्गात घेतले नाही.

तिची हकीकत याहून अडचणीची. तिचे वाचन सुरू झाले ते बाबूराव अर्नाळकरांपासून आणि तेही स्वयंपाकघरात. तिची थोरली मावशी सातवी शिकलेली होती. तालुक्याच्या गावात पुस्तके भाड्याने देणारे एक दुकान होते. तिथून दर दोन दिवसांनी एक रहस्यकथा घरी येई. मावशीला संध्याकाळी भाकऱ्या थापताना हात मोकळा नसे. म्हणून चुलीपुढे पाटावर बसून भाचीने मोठ्याने वाचायचे. झुंजार संकटात सापडला की मावशी थापलेली भाकरी हातावर तशीच धरून म्हणे, "वाच गं पुढं, तवा तापलाय." भाकरी तव्यावर पडायची ती पुढचे वाक्य ऐकूनच. विरामचिन्हे म्हणजे काय, प्रश्नचिन्हाला आवाज कसा चढवायचा, एखादे वाक्य मध्येच थांबले तर श्वास कुठे घ्यायचा, हे सारे ती तिथे शिकली. आज काव्यवाचनाबद्दल विद्यार्थी तिचे कौतुक करतात, ते कौतुक वास्तविक त्या चुलीचे आहे.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे एके काळी महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक होती. एम.ए.च्या आमच्या टिपणवहीत मात्र हा सगळा पसारा 'रंजनप्रधान साहित्य' या दोन शब्दांत आटोपला होता. व्याख्यात्यांनी ते शब्द उच्चारले तेव्हा तिने मान खाली घालून ते उतरवून घेतले. त्या दोन शब्दांत आपली मावशीही बसली, हे तिला तेव्हा जाणवले होते. पण पदव्युत्तर वर्गात मावशीचे नाव कोण काढणार?

इथवरचे सारे गमतीने सांगता येते. पुढचे तसे नाही.

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या मुलांना आम्ही 'मला आवडलेले पुस्तक' या विषयावर स्वाध्याय लिहायला दिला. एका विद्यार्थिनीने नारायण धारपांच्या एका भयकादंबरीवर लिहिले. कांद्याच्या चाळीवर राखणीला आजोबांबरोबर ती रात्री थांबत असे. वीज गेलेली, आजोबा झोपलेले आणि ही बॅटरीच्या उजेडात वाचत बसलेली. तिच्या लिहिण्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, परिच्छेद नव्हते. पण एक वाक्य होते. इतकी भीती वाटत होती तरी पाने उलटतच होती, आणि मग ध्यानात आले की ती मीच उलटते आहे, अशा अर्थाचे.

आमच्यातल्या एकीने त्याखाली लाल शाईने लिहिले, 'अभिजात कलाकृती निवडावी. पुन्हा लिहून आणावे.' दुसऱ्याने ते वाचून मान डोलावली. आठवड्याने तिने 'श्यामची आई'वर दोन पाने आणून दिली. भाषा गाईडची होती, शुद्धलेखन निर्दोष होते. दहापैकी आठ गुण दिले. पहिला कागद ती घेऊन गेली होती. तृतीय वर्षाच्या अखेरीस ती दाखल्यासाठी आली तेव्हा सहज विचारले, "हल्ली काय वाचतेस?" ती अदबीने म्हणाली, "आता अभ्यासाचंच वाचते, मॅडम."

उत्तरपत्रिकांच्या त्या दुपारी आमचे हसू थांबले ते हे वाक्य आठवून. मुलाखतीत आम्ही जे केले, तेच त्या मुलीकडून करवून घेतले होते. फरक इतकाच की आम्ही आपले पहिले पुस्तक लपवले तरी ते आमच्याजवळ राहिले होते. तिच्याकडून आम्ही ते काढून घेतले.

येथे एक गैरसमज व्हायला नको. सगळी पुस्तके सारखीच असे आमचे म्हणणे नाही. अर्नाळकर आणि माडगूळकर यांच्यातले अंतर पुसण्यात कोणाचेच भले नाही. ते अंतर दाखवणे हेच तर आमचे काम आहे. प्रश्न त्या अंतरावरून चालत कसे जायचे, हा आहे. आमच्या मित्राने 'बनगरवाडी' अकरावीत वाचली. अंधारात, अनोळखी वाटेने एक तरुण मास्तर एका धनगरवाडीकडे निघाला आहे. फास्टर फेणेवर पोसलेल्या त्याच्या डोक्याने लगेच ठरवले की आता वाटेत काहीतरी घडणार. दरोडेखोर येतील, निदान एखादे भुयार तरी सापडेल. तो पाने उलटत राहिला. काहीच घडले नाही. वाडी आली, माणसे आली, शाळा उभी राहिली, दुष्काळ पडला, वाडी उठून गेली. पुस्तक संपल्यावर त्याला कळले की भुयार सापडले नाही तरी आपण एका दमात शेवटाला पोहोचलो आहोत. साहित्य म्हणजे काय, हे त्याला पुढे अनेक व्याख्यांतून शिकवले गेले. समजले ते त्या संध्याकाळी. पण पुढे काय होणार ही भूक आधी कोणी लावली नसती, तर काही न होण्याची गोडी त्याला कशी कळली असती?

'श्यामची आई'चेही तसेच. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले, हे आपण वर्गात सांगतो. त्याची रचना मात्र आपण पुरेशी दाखवत नाही. प्रकरणांना तिथे 'रात्र' म्हटले आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. ज्या मुलीने चुलीपुढे रहस्यकथा वाचून दाखवली होती, तिला ही वाट पाहणारी माणसे लगेच ओळखीची वाटली. संस्कार नंतर आले, आधी आली ती उद्याच्या रात्रीची ओढ. संस्कारांच्या नादात आपण पुस्तकातली ही ओढ शिकवायची सोडून देतो, आणि मग मुले गाईडमधून 'मातृप्रेमाचे मंगल स्तोत्र' उतरवून आणतात. दोष मुलांचा नाही.

अलीकडे वर्षाच्या पहिल्या तासाला आम्ही आमची खरी पहिली पुस्तके सांगतो. मावशीची भाकरी सांगितली की वर्ग हसतो, आणि मग मुले हळूहळू बोलू लागतात. कोणी मोबाइलवरच्या क्रमशः प्रेमकथा सांगतो, कोणी आजीच्या पोथीचे नाव घेतो, कोणी वडा बांधून आलेल्या कागदावरची अर्धी बातमी. एक मुलगा म्हणाला, "सर, मी अजून काहीच वाचलेलं नाही." त्याचे उत्तर आम्हांला आमच्या मुलाखतीतल्या उत्तरांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटले.

विभागातल्या एका कपाटाचा खालचा खण आम्ही मोकळा केला आहे. त्यात फास्टर फेणे आहे, अर्नाळकर आहेत, धारप आहेत. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत ही पुस्तके नाहीत; शंभर पानी वहीत नाव लिहून कोणीही न्यावीत. काही परत येतात, काही येत नाहीत. वहीची पहिली ओळ आम्ही कोरी ठेवली आहे. ती कोणासाठी, असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले आणि त्याला दुसऱ्या ओळीवर नाव लिहायला सांगितले.