संदेशबंदी

जखमेत शिरलेला जीवाणू संख्येने अल्प असताना आपली अनेक विषे व विकरे राखून ठेवतो आणि भोवती स्वकीयांची पुरेशी दाटी झाल्याची वार्ता मिळाली म्हणजेच हल्ल्यास उठतो, हे कळल्यापासून रोगाविषयीची माझी कल्पनाच पालटली आहे. ही वार्ता नेतात काही सूक्ष्म रासायनिक रेणू. प्रत्येक जीवाणू ते सोडीत असतो, वस्तीबरोबर त्यांची मात्रा वाढते, आणि ती मर्यादेपलीकडे गेली की सर्वांच्या ठायी विवक्षित जनुके एकदमच जागी होतात. नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० साली समुद्रातील प्रकाशमान जीवाणूंत हे दाखवले. पुढे जखमेतील पू हिरवट करणाऱ्या स्यूडोमोनासमध्येही तशीच व्यवस्था आढळली.

रायपूर-धमतरी वाटेवरचे आमचे अभनपुर भातशेतीचे गाव. चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्यांच्या पायांच्या जखमा, विशेषतः मधुमेह असलेल्यांच्या, किती चिवट असतात हे मी जवळून पाहत आलो आहे. प्रतिजैविके बदलत जातात, जखम मात्र हटत नाही. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या काळच्या भाषेत सांगायचे तर, सुभ्याचा खलिताच वाटेत अडवला, तर शिबंदीतील एकही माणूस न मारता मोहीम थांबावी, तसा हा नवा उपाय आहे: जीवाणूला मारायचे नाही, त्याचा संदेश पोहोचू द्यायचा नाही. मारण्याचा दाब नसल्यामुळे औषधाला न जुमानणारे वाण यातून सावकाश निपजतील, ही त्यामागची आशा.

आशेला आधार आहे. सिंगापूरच्या संशोधकांना मातीतील बॅसिलस जीवाणूमध्ये हे संदेशवाहक रेणू फोडणारे विकर सापडल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचे जनुक घातलेली बटाट्याची झाडे कुज आणणाऱ्या जीवाणूला पुष्कळ अंशी दाद देईनाशी झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील तांबड्या शैवालातील फ्युरॅनोनांवरून बेतलेल्या एका द्रव्याने २००३ साली उंदरांच्या फुप्फुसांतील स्यूडोमोनास हटण्यास साहाय्य केले. परंतु फ्युरॅनोने माणसाला देण्याजोगी निर्धोक ठरली नाहीत, आणि ती आपल्या पेशीबाहेर लोटणारे जीवाणूही प्रयोगशाळेत निपजले.

याहून गंभीर गोष्ट स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जीवाणूची. त्याचा संवाद तोडला तर विषे कमी होतात हे खरे, पण तो अधिक दाट थर करून चिकटून बसतो. आणि त्या थरात औषध धड शिरत नाही. मधुमेही पायाच्या जखमेत तर स्यूडोमोनास आणि हा असे दोघे अनेकदा एकत्रच नांदतात. एकाला मूक केल्याने रोगी सुटेल, आणि दुसऱ्याला मूक केल्याने कदाचित जखडला जाईल.

म्हणून माझे मत असे आहे की, ही औषधे कधीकाळी दवाखान्यात आलीच, तर शहाणपणाने वापरली जाण्यासाठी त्यांच्या आधी तालुक्यातालुक्यात जखमेतला जीवाणू ओळखणारी तपासणी पोहोचली पाहिजे. आणि तिची गरज आजही, जुन्याच औषधांसाठी, तितकीच आहे.