एक शहर, दोन टोप्या

शिकागो म्हटले की आपल्याकडच्या माणसाला 1893 ची सर्वधर्मपरिषद आठवते आणि विवेकानंद आठवतात. त्या परिषदेत सगळे धर्म एका व्यासपीठावर आले; पण त्याच शहरातले बेसबॉलचे दोन पंथ अजूनही एका पंगतीला बसायला राजी नाहीत! उत्तर शिकागो ‘कब्स’ची, दक्षिण शिकागो ‘व्हाइट सॉक्स’ची. दोन्ही मैदाने एकाच ‘रेड लाइन’ रेल्वेवर. मधले अंतर सुमारे 14 किलोमीटर. भांडण मात्र शंभर वर्षांहून जुने. 1906 साली कब्सनी हंगामात 116 सामने जिंकले होते. तरी जगज्जेतेपदाच्या मालिकेत व्हाइट सॉक्सनी त्यांना 4-2 असे हरवले.

हे भांडण माझ्या भाच्याच्या घरात शिरलेले आहे. त्याचे बिऱ्हाड उत्तरेला, म्हणून आठ वर्षांचा चिरंजीव कब्सचा. भाचेसून दक्षिणेत वाढलेली. तिचे वडील तिला लहानपणी व्हाइट सॉक्सच्या सामन्यांना नेत. 5 मे 2014 च्या संध्याकाळी आम्ही चौघे कब्सच्या रिग्ली फील्डवर गेलो, तेव्हा मुलाच्या डोक्यावर निळी टोपी आणि आईच्या डोक्यावर वडिलांची जुनी काळी टोपी!

त्या वर्षी या मैदानाला 100 वर्षे झाली. विटांच्या भिंतीवर 1937 साली लावलेली वेल, आणि धावफलक आजही आतून माणसे हातांनी बदलतात. रात्रीच्या खेळासाठी दिवे आले तेसुद्धा 1988 साली. मे महिना असूनही सरोवरावरचा वारा असा झोंबत होता, की आम्ही मुंबईकर शालीत गुरफटून बसलो.

हंगाम 162 सामन्यांचा, आणि तो सुरू होऊन जेमतेम महिना लोटलेला. एका सामन्याने असे काय बिघडणार? पण शेजाऱ्याशी गाठ पडली की हिशेब निराळा. कब्सचा जेफ समार्झिया चेंडू फेकत होता. त्याने पुरे नऊ डाव फेकी केली. 126 चेंडू टाकले आणि धाव दिली एकच. परंतु त्याच्या साथीदारांनाही एकाहून अधिक धाव जमेना. नऊ डावांनंतर 1-1. क्रिकेटसारखा अनिर्णित सामना इथे ठाऊक नाही. निकाल लागेपर्यंत खेळायचे. दहावा गेला, अकरावा गेला. बाराव्या डावात व्हाइट सॉक्सनी दोन धावा काढल्या आणि 3-1 असा सामना नेला. समार्झियाच्या एवढ्या कष्टांपुढे जमेच्या खान्यात काहीच पडले नाही. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी तो व्हाइट सॉक्सकडून खेळला!

नातवंडाचे डोळे भरून आले. सूनबाईने टाळीही वाजवली नाही.

“आई, तुझे लोक जिंकले ना?”

“हो रे.”

“आजोबा हरल्यावर रडायचे?”

“रडत नसत. ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे.”

मला पुढचे ठाऊक होते. 1917 नंतर व्हाइट सॉक्स जगज्जेते झाले ते थेट 2005 साली, 88 वर्षांनी. आणि ते पाहायला तिचे वडील उरले नव्हते.

परतीच्या गाडीच्या फलाटावर निळ्या आणि काळ्या टोप्यांची एकच दाटी होती. दक्षिणेकडे जाणारे हसत होते, उत्तरेकडचे त्यांना टोमणे मारत होते. शिवीगाळ कुठे नव्हती. पोरगा आईच्या खांद्यावर झोपला होता. वाऱ्याने त्याचे कान गार पडले, तेव्हा तिने आपली काळी टोपी काढून त्याच्या निळ्या टोपीवर चढवली.

कब्सना 1908 नंतरचे जगज्जेतेपद 2016 साली मिळाले, 108 वर्षांनी. त्या रात्री भाच्याच्या घरातून फोन आला. पोरगा ओरडत होता, “मामाआजोबा, आम्ही जिंकलो!” आणि मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. तीही ‘आम्ही’च म्हणत होती.