थोडं की काहीच नाही

माझं निम्मं काम अंधारात चालतं. कुणाच्या तरी दंडातून काढलेलं चमचाभर रक्त येतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांत चमकणारी अँटीबॉडी घालायची आणि ट्यूब फॉइलखाली झाकून ठेवायची, कारण उजेडात रंग विझतो. मग फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून जाते. अँटीबॉडी चिकटलेली असेल तर ती चमकते आणि स्क्रीनवर ठिपका उमटतो.

मी शोधते ते पीडी-१, टी पेशींचा ब्रेक. क्योटोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला तो १९९२ मध्ये सापडला. ब्रेक वाईट नाही. तो नसेल तर लढायला निघालेल्या पेशी घरच्यांवरच उलटतील. पण कॅन्सरची गाठ नेमका तोच दाबून धरते. निवोलुमॅब हे औषधही अँटीबॉडीच. ते पीडी-१ वर जाऊन बसतं आणि गाठीला ब्रेक दाबता येत नाही.

आत्याच्या जिभेचा कॅन्सर पसरला, तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव काढलं. बाबांनी एवढंच विचारलं, "किती?" आकडा ऐकून ते गप्प झाले. आमच्याकडे अशा वेळी आधी सोनं मोजतात, मग जमीन.

मला दुसरे आकडे आठवत होते. या औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीत, २०१० मध्ये, असंच पेशी चमकवून मोजलं होतं: पीडी-१ च्या किती जागांवर औषध बसलंय? डोस वजनाच्या दर किलोला ०.३ मिलिग्रॅम असो की १०, रक्तात सरासरी ७० टक्क्यांहून जास्त जागा दोन महिने भरलेल्याच.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना दर दोन आठवड्यांनी २४० ऐवजी दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिलं, तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला. २०२२ मध्ये निकाल आला. नुसत्या त्या औषधांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, निवोलुमॅबसह ४३.४.

थोडा डोस पूर्ण डोसइतकाच चांगला, असं ही चाचणी म्हणत नाही. रक्तातल्या जागा भरल्या म्हणजे गाठीतल्याही भरल्या, असंही नाही. तिने तुलना केली ती 'थोडं' आणि 'काहीच नाही' यांची. आमच्या घरासमोरचा प्रश्नही तोच होता.

आत्याला थोडं मिळालं.