होऊन जाईल

शनिवार सकाळ, पोह्यांची बशी आणि चहाचा दुसरा कप. मोबाईल हातात घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण घेतलाच. टीमच्या चॅनेलवर काल रात्रीचा एक मेसेज होता. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीनं लिहिलं होतं, "कदाचित मूर्खासारखा प्रश्न असेल, पण माझ्या मशीनवर टेस्ट चालतच नाहीयेत. पानावर दिलंय तसंच सगळं केलंय." जॉईन होऊन तिला जेमतेम तीन दिवस झालेत, आणि हे थेट बारा जणांसमोर! मी मोठ्यानं हसलो.

"एवढं काय झालं हसायला?" बायकोनं विचारलं. आता तिला काय सांगणार? त्यासाठी २०२० पर्यंत मागे जावं लागतं.

आमची टीम तीन गावांत पसरलेली आहे. पुण्यात सातजण, पोलंडमध्ये क्राकोवला दोघं आणि अमेरिकेत पोर्टलंडला तिघं. पुणं आणि पोर्टलंडमध्ये उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. त्यातही गंमत म्हणजे अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि पोलंड शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोणाची मीटिंग किती वाजता आहे हे देवालाही सांगता येत नाही. २०२० साली नेमक्या त्याच घोळाच्या दिवसांत, २४ मार्चच्या रात्री, लॉकडाऊन जाहीर झालं.

तोवर आमचं पुण्यातलं सगळं ज्ञान हवेत होतं. म्हणजे खुर्ची मागे वळवायची, "अरे, बिल्ड का तुटतंय?" असं ओरडायचं, आणि कोणीतरी स्क्रीनवरून नजर न हटवता उत्तर द्यायचं. उरलेलं चहाच्या टपरीवर कळायचं. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७७ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की दोन इंजिनियरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्यानं कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे तर जवळजवळ संपतंच. आमची टेबलं आता शेकडो किलोमीटरवर गेली होती.

आमच्यात एक पोरगा होता. फेब्रुवारीत जॉईन झालेला, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. लॉकडाऊनच्या आधी कशीबशी शेवटची एसटी पकडून जळगावकडच्या आपल्या गावी पोचला. रोज रात्री साडेआठला आमचा स्टँडअप असायचा. पोर्टलंडकरांचे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असत. त्याची पाळी आली की तो म्हणायचा, "ऑलमोस्ट डन." नंतर मी मराठीत विचारलं की, "होऊन जाईल सर."

अकरा दिवस होऊन जात होतं. बाराव्या दिवशी मी बघितलं तर त्याचा एकही बदल आलेला नव्हता. एकही! माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर कॉलवर मी विचारलं, "गेले दोन आठवडे तू नेमकं करत काय होतास?" पलीकडे शांतता. त्याचा कॅमेरा बंद होता. कोणाच्या तरी घरी कुत्रं भुंकत होतं, तेवढाच आवाज. मग पोर्टलंडच्या बाईंनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा राजीनाम्याचा मेल आला.

मी फोन केला. तासभर बोललो. खरं तर पहिली दहा मिनिटं तो "तसं काही नाही सर" एवढंच म्हणत होता. मग हळूहळू बाहेर आलं. घरून व्हीपीएनवर त्याच्या टेस्ट चालत नव्हत्या. कॉन्फिग फाईलमधली एक ओळ बदलायची होती, बस्स. ती ओळ ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होती आणि कुठेच लिहिलेली नव्हती. त्यानं दोघांना खाजगीत विचारलंही होतं. एकजण आजारी होता. आणि दुसरा...

दुसरा मी होतो. फोन ठेवल्यावर चॅट वर सरकवून पाहिलं. त्याचा प्रश्न होता, आणि त्याखाली माझं उत्तर : "बघतो संध्याकाळी."

फोनवर मी त्याला विचारलं होतं, "अरे, मग चॅनेलवर सगळ्यांना का नाही विचारलंस?" तर म्हणाला, "सर, तिथे फक्त उत्तरं दिसतात. प्रश्न कोणी विचारतच नाही."

मी गेल्या तीन महिन्यांचं चॅनेल वाचून काढलं. पोरगा बरोबर होता. रिलीज झालं, सर्व्हर बंद राहील, अभिनंदन, धन्यवाद. आम्ही सीनियर मंडळीही अडायचोच की, पण एकमेकांना गुपचूप विचारायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे सगळ्यांना सगळं येतं.

राजीनामा त्यानं मागे घेतला. (त्यासाठी मला त्याची माफी मागावी लागली, तीही कॉलवर, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्या सगळ्यांसमोर. सोपं नव्हतं.)

मग आम्ही टीम 'जोडायचे' उद्योग सुरू केले. दर शुक्रवारी ऑनलाईन कट्टा! पहिल्या आठवड्यात तंबोला खेळलो. क्राकोवचा गडी "हाउसफुल म्हणजे नक्की काय?" हे विचारत राहिला आणि पोर्टलंडकर सकाळी सकाळी चेहऱ्यावर उसनं हसू आणून आकडे खोडत बसले. तिसऱ्या शुक्रवारी आम्ही चारजण उरलो. कट्टा वारला. ठरवून दिलेल्या वेळी गप्पा मारणं म्हणजे पाहुण्यांसमोर पोराला कविता म्हणायला लावण्यासारखं आहे, असं माझं मत. असो.

ज्यानं फरक पडला ती गोष्ट फारच साधी होती आणि मला तिची लाज वाटत होती. मी माझे प्रश्न उघड्यावर विचारायला लागलो. पहिला प्रश्न गिटचा होता : रिबेस करताना 'अवर्स' आणि 'देअर्स' यांतलं माझं कोणतं? (मर्जमध्ये आपल्या ब्रँचला 'अवर्स' म्हणतात, रिबेसमध्ये नेमकं उलटं. आपलेच बदल 'देअर्स' होतात!) पंधरा वर्षं काढल्यावर हे विचारायचं? एंटर दाबताना पोटात गोळा आला. दोन तासांनी पोर्टलंडच्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ माणसाचं उत्तर आलं, "मी दर वेळी शोधतो." त्याखाली आणखी चौघांनी हात वर केले. एवढे दिवस आम्ही सहाजण सहा ठिकाणी एकच गोष्ट चोरून शोधत होतो.

हे फक्त आमच्यासारख्या किरकोळ लोकांचं होतं असंही नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं. कोलोरॅडोतल्या कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि कॅलिफोर्नियातली टीम ते न्यूटन-सेकंद समजत होती. चौकशीत पुढे आलं की काहींना आकडे जुळत नसल्याची शंका आधीच आली होती, पण ती ठरलेल्या लेखी मार्गानं सगळ्यांपुढे मांडली गेली नाही. वाचताना मला आमच्या पोराचं "होऊन जाईल" आठवलं. त्याहून जास्त माझं "बघतो संध्याकाळी".

पुढे आणखी एक सवय लावून घेतली. कोणी मला खाजगीत विचारलं की मी म्हणतो, "माझ्या नावानं बाहेर विचारू का?" बहुतेक जण हो म्हणतात. प्रश्न माझा, अब्रू माझी, उत्तर सगळ्यांचं. मग ज्याला उत्तर मिळालं त्यानं ते टीमच्या पानावर लिहायचं. सहा महिन्यांनी लोकांना माझ्या नावाची गरज उरली नाही. त्या पानाची पहिली ओळ, कॉन्फिगची, जळगावच्या पोरानं लिहिली. तो अजून आमच्यातच आहे, आता नवीन लोकांना तोच शिकवतो. 'सर' मात्र सुटलेलं नाही :-)

तर कालच्या त्या प्रश्नाला रात्रीच त्याचं उत्तर आलेलं होतं : "प्रश्न बरोबर आहे, पान जुनं झालंय. मागच्या महिन्यात सर्व्हर बदलला, तेव्हा ते सरांनी अपडेट करायचं होतं." आणि शेवटी मला टॅग!

मी टाईप केलं, "बघतो संध्याकाळी". दोन मिनिटं त्या शब्दांकडे बघत बसलो. मग ते पुसलं आणि आतून लॅपटॉप घेऊन आलो. पोहे गार झाले.