बी नसलेले झाड

‘वांझ’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही. मराठीत वांझ, उर्दूत बांझ. दोन्ही भाषांत तो झाडापेक्षा बाईवरच जास्त फेकला गेला आहे. माझ्या फुफीला तो उभा जन्म ऐकावा लागला. तिला मूल नव्हते, पण मोहल्ल्यातील दोन पिढ्यांची मुले तिच्या ओसरीवर बसून कायदा आणि सिपारा शिकली. तिची कूस लोकांनी पाहिली, तिची ओसरी कुणी पाहिली नाही.

म्हणून नववीतल्या एका मुलीने, “टीचर, शास्त्रज्ञ झाडांना वांझ का करतात?” असे विचारले, तेव्हा “बेटा, निर्बीज म्हण,” असे सांगून मी तिच्यासोबत विषय समजून घ्यायला बसले.

अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठात स्टीव्ह स्ट्रॉस आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षे काम करीत आहेत. फूल घडवण्याचा हुकूम देणारे ‘लीफी’ नावाचे एक जनुक झाडात असते. ‘क्रिस्पर’ ही जनुके कापण्याची कात्री. तिच्यासाठी एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कात्रीने निलगिरीच्या एका संकरित जातीतील लीफी बंद पाडले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हरितगृहातील त्या झाडांना कळ्या आल्या, पण त्यांत पराग धरला नाही, बी धरले नाही. पाने आणि वाढ मात्र नेहमीसारखीच राहिली.

एवढा खटाटोप कशासाठी? निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची. टिपू सुलतान यांनी १७९० च्या सुमारास ती नंदी टेकडीवरील बागेत लावली, असे सांगितले जाते. पुढे लाकूड आणि कागदासाठी तिची जगभर लागवड झाली. दक्षिण आफ्रिकेत तिच्या काही जाती लागवडीबाहेर पसरल्या, नदीकाठ व्यापून पाणी पिऊ लागल्या. बीच धरले नाही, तर लावलेले झाड लावलेल्या जागी राहील. शिवाय झाडात बाहेरचे जनुक घातले असेल, तर ते परागातून रानातल्या भाऊबंदांपर्यंत जाणार नाही. हा हेतू मला रास्त वाटतो.

मात्र हे कुलूप पक्के नाही. पांढरा पॉपलर मुळांतूनही कोंब काढतो, त्याला पसरायला बी लागतेच असे नाही. आणि झाड म्हणजे काही एका हंगामाचे पीक नव्हे. ओरेगॉनमध्येच याआधी दुसऱ्या पद्धतीने बदललेले सुमारे ३,३०० पॉपलर सात हंगाम शेतात वाढवून तपासले गेले. पण पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या झाडापुढे सात वर्षे म्हणजे बालपणच.

मला खरी काळजी आहे ती फुलावर जगणाऱ्यांची. मधमाश्यांच्या अळ्या परागावर पोसल्या जातात. दक्षिण आफ्रिकेत जी निलगिरी नदीकाठाला नकोशी झाली, तिच्याच फुलोऱ्यावर तिथले मधपाळ मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. परागच नसलेली झाडे मैलोन्‌मैल लावली, तर माशीने जायचे कुठे? आपण झाड लावणे सदका मानतो, ते पाखरांचा आणि जनावरांचा त्यात वाटा असतो म्हणूनच. लाकूड आपले, पण फूल एकट्या आपले नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे. परदेशी झाडांची बंदिस्त लागवड असेल आणि ती पसरून नुकसान करीत असेल, तर निर्बीज झाड वापरायला हरकत नसावी. त्यातही फूल पुरते उमलू देऊन फक्त बी रोखण्याचा मार्ग सापडत असेल, तर तो आधी धरावा. पण जी झाडे मूळची तिथल्याच रानातली आहेत, जी आपल्याच बियांतून पुन्हा उगवतात, त्यांना या कात्रीपासून दूर ठेवावे. निर्णयाच्या बैठकीत कागद कारखान्याचा माणूस असेल, तर मधपाळ आणि रानाशेजारी राहणारी बाईही असली पाहिजे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, झाडाला मुले किती झाली हे विचारण्याआधी त्याच्या जिवावर किती जण जगतात हे विचार. माणसांच्या बाबतीतही असेच विचारायला आपल्या घरांत शिकवले गेले, तर तो शब्द आपोआप मागे पडेल.