चालू यंत्र आणि आम्ही

चालत्या गाडींतून उडी मारूं नये, हें आम्हांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. परंतु चालू संगणकाचा कळफलक उपटूं नये, हें आम्ही शिकावें म्हणून एका निरपराध मुलाला चपराक खावी लागली.

सन २००१ मधली ही गोष्ट. शनिवार पेठेंतील आमच्या वाड्याच्या माडीवर घरांतला एकुलता एक संगणक होता. प्रश्नपत्रिका लिहितांना एक कळ अडकूं लागली, म्हणून कळफलक झटकावा या हेतूनें आम्ही त्याची वायर मागून ओढूं लागलों. चौदा वर्षांचा पुतण्या शेजारींच उभा होता. ‘काका, आधी मशीन बंद करा ना,’ तो म्हणाला. आम्ही पडलों प्राध्यापक! मुलानें शिकवावें आणि आम्हीं ऐकावें, हें कसें घडावें? वायर काढली, पुन्हा खुपसली, आणि कळफलकाचे दिवे मालवले ते मालवलेच.

त्या काळचा तो गोल, सहा पिनांचा जोड आय. बी. एम. नें १९८७ सालीं आणलेला. चालू यंत्रावर काढघाल करण्यासाठीं तो घडविलेलाच नव्हता. त्यांतून पांच व्होल्टांची वीज जाते. पिन तिरपी होऊन क्षणभर जरी भलतीकडे टेकली, तरी मदरबोर्डवरील बारीक फ्यूज जळूं शकतो. आमचा तोच जळाला. दुरुस्तीस आलेला गृहस्थ म्हणाला, ‘चालू मशीनवर कोणीतरी वायर काढलीय.’ दादांनीं मुलाकडे पाहिलें. खेळांसाठीं त्या यंत्राशीं लुडबुड तोच करीत असे. चपराक बसली. आम्ही चष्मा पुसत राहिलों.

या दुखण्यावरचा उतारा १९९६ सालींच निघाला होता. आमच्या माडीपर्यंत तो पोंचला नव्हता, इतकेंच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट ज्या मंडळींत अग्रभागीं होते, त्यांनीं यू. एस. बी. हा जोड सिद्ध केला. त्याच्या मूळच्या चार पट्ट्यांपैकीं विजेच्या दोन लांब आणि संदेशाच्या दोन आंखूड. त्यामुळें जोडतांना आधीं आधार मिळतो, मग बोलणें सुरू होतें. तोडतांना आधीं बोलणें थांबतें, आधार शेवटीं सुटतो. आम्हीं त्या पोराचा आधारच आधीं काढून घेतला होता.

गेल्या दिवाळींत तो नवा कळफलक घेऊन आला. चालू यंत्रांतच खोंचून हंसत म्हणाला, ‘काका, आता खुशाल उपटा.’ दादांना जाऊन चार वर्षें झालीं आहेत. आम्हीं म्हटलें, ‘मी तेव्हा दादाला खरं सांगायला हवं होतं.’

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, ‘मला वाटायचं, उद्या सांगाल. दहावीपर्यंत वाट पाहिली.’

फ्यूज दुसऱ्याच दिवशीं बदलून मिळाला होता.