बांधावरची नोंदवही

मुंबईहून गोव्याकडे किंवा अलिबागकडे निघालेल्या प्रवाशाला वडखळ ठाऊक असते ते नाक्यावरच्या वाहतूक कोंडीमुळे. गाडीच्या काचेतून त्याला ट्रकच्या रांगा, धूळ, पोहे-पापडांची दुकाने आणि पलीकडे डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात. परंतु महामार्ग सोडून खाडीच्या दिशेने थोडे चालत गेले की दृश्य पालटते. खारभाताची शेते, मातीचे लांबच लांब बांध, पाणी सोडण्या-अडवण्याच्या उघाड्या, तिवरांची रांग आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांनी मिळून घडवलेला हा प्रदेश आहे. आपल्या वसतिगृहातील मुले-मुली गेली अनेक वर्षे रविवारी सकाळी या बांधावर पक्षी पाहायला जातात. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर इतर सहकारी लिहितीलच, आपण ग्रंथालयाच्या कपाटातील पक्ष्यांच्या नोंदवह्यांविषयी लिहावे, असे मी ठरवले.

मी इतिहासाचा शिक्षक. प्राणिशास्त्राचा माझा अभ्यास नाही. त्यामुळे नोंदवही आखताना मी इतिहासाचीच शिस्त वापरली. पहिल्या रकान्यात दिनांक, वेळ आणि भरती की ओहोटी, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात पक्ष्याचे पुस्तकातले नाव, चौथ्यात घरी म्हणतात ते नाव, पाचव्यात पक्षी काय करीत होता. नियम एकच ठेवला: जे स्वतः पाहिले तेवढेच लिहायचे. कोणी सांगितले, ऐकले, असेल बहुधा, यांना त्या वहीत जागा नाही. तथागतांनी धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’ असे सांगितले आहे. या आणि पाहा. मुलांना हा शब्द वंदनेतून पाठ असतो. बांधावर त्याचा अर्थ उमगतो.

पहिल्या वर्षाच्या नोंदींतूनच एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. चिखलावरचे पक्षी सूर्याच्या घड्याळापेक्षा चंद्राचे घड्याळ अधिक पाळतात. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि तिच्याबरोबर शेकाटे, तुतवार, चिखले, बगळे यांचे जेवणही पुढे सरकते. ओहोटी लागली की निवट्या आणि चिंबोऱ्या बिळांबाहेर येतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. एका रविवारी गजबजलेला चिखल पुढच्या रविवारी त्याच वेळी पाण्याखाली का असतो, हे फळ्यावर समजावून सांगावे लागले नाही. ऑक्टोबरात पिवळे धोबी आणि तुतवार येतात, तपकिरी डोक्याचे कुरव खाडीवर घिरट्या घालू लागतात. हे कुरव तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांच्या काठी वीण घालून हिवाळ्यासाठी आपल्या किनाऱ्यावर उतरतात. पेणपलीकडे कधी न गेलेल्या मुलीने त्या दिवशी नकाशात तिबेट शोधला तो परीक्षेसाठी नव्हे.

नोंदवहीचे दुसरे काम भीती घालवण्याचे झाले. नव्याने दाखल झालेली लहान मुले रात्री टिटवी ओरडली की अंथरुणात गप्प होत. टिटवी ओरडली की कोणाचे तरी मरण येते, हे त्यांनी घरी ऐकलेले असे. भाषण देऊन असली समजूत जात नाही. मोठ्या मुलांनी उन्हाळ्याच्या तोंडावर मैदानाच्या टोकाला टिटवीची अंडी शोधली. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये चार अंडी, मातीच्याच रंगाची. हातभर अंतरावरूनही न दिसणारी. कुत्रा, मुंगूस, गुरे किंवा माणूस त्या बाजूला फिरकला की टिटवी आकांत करून उठते. दुसऱ्याचे मरण तिला कुठले कळणार. स्वतःच्या पिल्लांचे मरण टाळण्यासाठी तिचा हा आटापिटा असतो. ‘रात्री ओरडली, कारण कोल्हा आला होता. सकाळी पावले दिसली,’ अशी एका सातवीतल्या मुलाची नोंद आहे. त्यानंतर त्या खोलीत टिटवीला कोणी घाबरले नाही.

सुगरणीचेही असेच झाले. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे खोपा विणणारी सुगरण मराठी मुलांच्या मनात आई म्हणूनच बसलेली असते. पण आपल्यापासून जवळच असलेल्या किहीमला डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले आणि वेगळेच चित्र पुढे आले. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की माद्या येऊन तपासतात. एखादीने पसंत केले तर नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसरे घरटे विणायला घेतो. अंडी उबवणे आणि पिल्लांचा बराचसा सांभाळ मादीकडे राहतो. घरट्यात उजेडासाठी काजवे चिकटवतात ही समजूतही आपल्या मुलांनी तपासली. वीण संपल्यावर खाली पडलेले खोपे उघडून पाहिले, तेव्हा वाळलेल्या चिखलाचे गोळे निघाले, काजवा एकही निघाला नाही. सालिम अलींनी हे काम महागड्या साधनांनी केले नव्हते. रोज जाऊन बसणे, पाहणे आणि लिहून ठेवणे, एवढेच त्यामागे होते. पक्षीनिरीक्षण हा सुखवस्तू लोकांचा रविवारचा छंद आहे, असे म्हणणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण सांगतो.

आता चौथ्या रकान्याविषयी, घरच्या नावांविषयी. पुस्तकातला भारद्वाज कोणाच्या घरी कुंभारकावळा असतो, कोणाच्या घरी सोनकावळा. वंचक नावाचा पक्षी आमच्या मुलांना कळत नाही. ढोकरी म्हटले की लगेच कळतो. नावांची यादी वाढत गेली तसा तिच्यात आमच्या समाजाचा इतिहासही दिसू लागला. सुतार, शिंपी, तांबट, धोबी, कोतवाल, कुंभारकावळा. सगळा गावगाडाच पंख लावून झाडावर बसलेला. शिवाय एक घार ब्राह्मणी आणि एक बदकही ब्राह्मणी. नववीच्या वर्गात यावर एकदा चांगली चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, ‘सुतार पक्ष्याला चोचच तशी मिळालेली असते, सर. माणसाच्या पोराला हात दिलेले असतात, ते कशालाही लागतात.’ जातिव्यवस्थेवरचे ग्रंथ मी पुष्कळ वाचले आहेत. हे वाक्य मी माझ्या टिपणवहीत उतरवून घेतले.

त्याच वर्षी अशोकाचा पाचवा स्तंभलेख शिकवण्याची वेळ आली. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर सम्राटाने काही प्राणी-पक्षी अवध्य ठरवले आणि त्यांची यादीच दगडावर कोरून ठेवली. सुक म्हणजे पोपट, सालिका म्हणजे मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, पांढरा पारवा, गावातला पारवा. विनाकारण वने जाळू नयेत, हेही त्याच लेखात आहे. यादीतली अलुन, गेलाट यांसारखी काही नावे नेमकी कोणत्या पक्ष्याची, यावर विद्वानांचे अजूनही एकमत नाही. पक्षी कदाचित आजही कुठेतरी उडत असेल. त्याला त्या नावाने हाक मारणारी माणसे गेली.

वर्गात कातकरी वाडीवरून आलेला एक मुलगा होता. इतर विषयांत तो मागे पडे, वर्गात फारसा बोलत नसे. बांधावर मात्र आवाजावरून पक्षी सांगणारा तोच. त्याने हात वर केला आणि विचारले, ‘सर, राजाला ही नावं कोणी सांगितली?’

प्रश्न साधा होता आणि मला कोणत्याही संदर्भग्रंथात भेटलेला नव्हता. पाटलिपुत्राच्या राजवाड्यात बसून गेलाट ओळखता येत नाही. ती नावे कोणा पारध्याने, कोळ्याने, वनात राहणाऱ्या कोणा माणसानेच सांगितली असणार. शिलालेखात राजाचे नाव आहे, पक्ष्यांची नावे आहेत, सांगणाऱ्याचे नाही. त्या दिवसापासून आपल्या नोंदवहीत सहावा रकाना वाढला: सांगणाऱ्याचे नाव. तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण झाला. जुन्या वह्या चाळल्या तर सहाव्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा त्याचेच नाव आढळते.

याच मुलांच्या खिशात बेचकी असते, हेही मला ठाऊक आहे. पाणातिपाता वेरमणी हे शील आपल्या वसतिगृहात रोज म्हटले जाते. बेचकी बाहेर ठेवूनच आत यायचे, हा नियम मुलांनी मानला. पण मी त्यांना फणसाडची हकिगतही सांगतो. मुरूड आणि रोह्याच्या डोंगरांतले ते रान जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि आज तिथे शेकरू या झाडावरून त्या झाडावर जाताना दिसते. राजाची शिकार ही हौस ठरली, रानातल्या माणसाचे भुकेपोटी लावलेले फासे मात्र गुन्हा ठरले. शील शिकवताना भुकेचा हा इतिहास झाकून ठेवला, तर ते मुलांच्या मनात उतरत नाही. खुद्द अशोकाने पहिल्या शिलालेखात आपल्याच मुदपाकखान्याचा हिशेब दिला आहे: रोज दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. सुरुवात त्याने स्वतःच्या ताटापासून केली.

नोंदवहीत एक नाव मात्र आजवर आलेले नाही: गिधाड. माझ्या वडिलांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत. ते ढोर ओढण्याचे काम कोणाच्या वाट्याला होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. गाव स्वच्छ ठेवणारा पक्षी आणि गाव स्वच्छ ठेवणारा माणूस, दोघांनाही गावाने अशुभ ठरवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. माणसांना नकार देता आला. गिधाडाला तो पर्याय नव्हता. गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचा अंश मृत जनावराच्या मांसातून त्याच्या पोटात गेला आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ते मरू लागले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. आपल्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गावकऱ्यांच्या सहभागाने गिधाडांची घरटी राखण्याचे काम झाले आहे. पाण्यासाठी सत्याग्रह झाला त्या महाडपासून ते फार दूर नाही. दहावीच्या मुलांना दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत दाखवावीत, अशी माझी इच्छा आहे.

पक्ष्यांविषयी लिहिताना बांधाविषयी लिहिलेच पाहिजे, कारण इथला पक्षी बांधाच्या दोन्ही बाजूंवर जगतो. आतल्या भातात गायबगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी-किडे टिपतात. बाहेरच्या चिखलात तुतवार चरतात. हा बांध कोणी घातला? पिढ्यान्‌पिढ्या चिखल उपसणाऱ्या आगरी, कोळी, महार, कातकरी हातांनी. धान्य मात्र खोताच्या कोठारात जाई. म्हणूनच अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप केला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

आज खोत नाही, पण बांधाची चिंता आहेच. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडते. ती वेळेवर बुजवली नाही तर खारे पाणी शेतात शिरते, भात जाते आणि दोन-तीन वर्षांत तिथे तिवर उभे राहते. २००५ आणि २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशांनी खारफुटीला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पण ज्याची जमीन खारफुटीखाली गेली त्या शेतकऱ्याच्या घरात चूल कशी पेटते, हा प्रश्नही आपलाच आहे. आपल्या वहीत एकाच जागेची दोन वर्णने आहेत. आधीच्या वर्षी ‘भात, गायबगळे’, आणि काही वर्षांनी ‘तिवर, खंड्या, रात्री कोल्हेकुई’. तिसरे वर्णन अलीकडचे आहे: ‘भराव. पक्षी नाही.’ पहिल्या दोन्हींत कोणीतरी जगत होते. भराव पडला की शेतकरीही उठतो आणि पक्षीही. त्या जागी पूर्वी काय होते असे उद्या कोणी विचारले, तर दिनांक आणि वेळेसह उत्तर देणारा कागद आपल्या मुलांनी लिहून ठेवलेला आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण आता नवी मुंबई, पुणे आणि त्याहूनही दूर आहेत. सुटीत गावी याल तेव्हा आजी-आजोबांना, वाडीतल्या जुन्या माणसांना पक्ष्यांची, माशांची, झाडांची त्यांची नावे विचारा. कर्नाळ्याच्या वाटेवर पावसाळ्यात तिबोटी खंड्या दिसला तर दिनांक लिहून ठेवा. तुमच्या लहानपणी कोणत्या तळ्यावर, कोणत्या वडावर काय बसत असे, तेही आठवून लिहा आणि सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका. पालकांनाही हेच सांगणे आहे. घरचे नाव अडाणी नसते; ते मुलाच्या तोंडून आले तर त्याला गप्प करू नका.

सध्या अकरावी वही सुरू आहे. जुन्या दहा वह्यांना कसर लागू नये म्हणून मुलींनी त्यांत कडुलिंबाची पाने घालून ठेवली आहेत. ग्रंथालय रविवारीही उघडे असते. ओहोटीची वेळ फलकावर लिहिलेली असते. जरूर या.

जय भीम!